कानबाईचा ओव्हरटाइम

...आणि वर मलाच विचारतात, "मिक्सर सहा वाजून दहा मिनिटांनी कुणाच्या परवानगीने चालू झाला?" आता तुम्हीच सांगा, मिक्सर काय स्वतःहून ओट्यावर चढला, स्वतःच खोबरं घालून घेतलं आणि गरगर फिरला? मी फिरवला! चटणीसाठी फिरवला! आणि चटणी कुणी मागितली? ह्यांनीच! पण नाही... दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मिक्सरच्या भांड्याला कागद चिकटवलेला. हिरव्या शाईत. "कारणे दाखवा. आपण काल सायंकाळी महागड्या वेळेत विनापरवाना चालू आढळलात. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा." मिक्सरला नोटीस! मिक्सरला 'आपण'! एकतीस वर्षांच्या संसारात मला ह्या माणसाने कधी 'आपण' म्हटलं नाही हो! पण मी काही बोलले का? नाही बोलले. मिक्सरच्या वतीने खुलासा लिहिला, "चटणी वाटली, ती आपणच बोटाने निपटून खाल्ली," खाली सही केली आणि दिला. ह्यांनी तो वाचला, मान डोलावली आणि फायलीला लावला.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्या बाईलाच काहीतरी झालंय. आमचे हे, दिगंबर, नेपानगरच्या कागद कारखान्यात बत्तीस वर्षं टाइम ऑफिसात होते. म्हणजे कागद नाही बनवला कधी. कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला, कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी, कुणाची रात्रपाळी, एवढंच लिहिलं. रोज बुऱ्हाणपूरहून गाडीने जायचं, दिवसभर लोकांची हजेरी घ्यायची आणि परत यायचं. बत्तीस वर्षं एका माणसाला पाच मिनिटांची सूट दिली नाही म्हणे. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी ह्यांनी भटजींना उशिराबद्दल विचारलं होतं, मी अंतरपाटाच्या ह्या बाजूने ऐकलंय! अशा माणसाला रिटायर करून घरी पाठवतात हो... बरं, घरात हजेरी घ्यायला माणसं किती? मी आणि आमची लेक भूमिका. ती कॉलेजला पळते. उरले कोण? पण दोन वर्षं मी काही बोलले का? नाही बोलले.

मग ते नवीन मीटर आलं. स्मार्ट मीटर. बसवणारा माणूस भला होता बिचारा, भिंतीवर डबा लावला, ह्यांच्या मोबाइलमध्ये काहीतरी टाकलं आणि म्हणाला, "बाउजी, अब आपको सब दिखेगा. कौन से टाइम कितनी बिजली जल रही है. दिन में धूप रहती है तो सस्ती, शाम पाँच से रात दस तक महंगी. जो काम दिन में हो सकता है, दिन में कर लो." एवढंच बोलला. चहा प्यायला आणि गेला. त्याला काय माहीत, तो कुणाच्या हातात काय देऊन चाललाय! ह्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं तुम्ही. दोन वर्षांनी पहिल्यांदा रंग आला होता. कपाटातून जुना रूळ काढला, हिरव्या शाईचा पेन काढला, आणि म्हणाले, "वंदना, आपल्या घरात सगळा अंदाधुंद कारभार चाललाय."

आठ दिवसांत सगळ्यांना पाळ्या लागल्या. वॉशिंग मशीन, पहिली पाळी. पाण्याची मोटर, पहिली पाळी. इस्त्री आणि घरघंटी, दुसरी. मिक्सर रोजंदारीवर, म्हणजे काम असेल तसा बोलवायचा. बुधवारी वॉशिंग मशीनला सुट्टी, का? तर "सलग सहा दिवसांवर कुणाला राबवता येत नाही." आणि फ्रिज! फ्रिजची ह्यांना दया आली हो. "चोवीस तास ड्यूटीवर आहे बिचारा, एक तक्रार नाही." म्हणून फ्रिजला संध्याकाळी तीन तासांची विश्रांती दिली. फ्रिजने विश्रांती घेतली आणि दोन लिटर दुधाने जीव सोडला. मी त्याचं पनीर केलं. बोलले का काही? नाही बोलले. भूमिका मात्र बोलली, "पापा, फ्रिज को रेस्ट नहीं लगता यार!" तर तिला म्हणाले, "युनियनची भाषा करू नको."

आणि नुसतं लिहून थांबतील तर शपथ! मिक्सरच्या नोटिशीनंतर प्रत्येक बटणाला एकेक डबी बसवली. ती डबी मोबाइलवरून चालू होते, मोबाइलवरून बंद होते, आणि मोबाइल कुठे? ह्यांच्या खिशात! पाच वाजले की त्या मोबाइलमधून कारखान्याचा भोंगा वाजतो, भों... ऊं... ऊं, आणि घरातल्या सगळ्या मशिनी जागच्या जागी मरतात. दिवे, पंखे आणि, त्या दुधानंतर, फ्रिज तेवढा सोडलाय. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी दचकून तेलाची बरणी पाडली, आणि शेजारचे प्रकाशभाऊ घड्याळ लावायला लागले त्या भोंग्यावर. गंमत बघा, आमच्या तरुणपणी बुऱ्हाणपुरात लाइट यायची तेव्हा आम्ही पळत सुटायचो, टाकी भर, दळण टाक, कपडे आवर, कारण कधी जाईल नेम नाही. आता लाइट चोवीस तास आहे, आणि आम्ही अजून पळतोच आहोत. भूमिकेने एकदा हिशेब मांडला की महिन्याभरात वाचलं किती? तर अर्धा किलो मावाजिलबी येईल इतकं. पण ह्यांना जिलबी नको होती हो. मोबाइलवर हिरवं पान येतं, "शाबास, तुम्ही शेजाऱ्यांपेक्षा कमी वीज वापरली." ते पान ह्यांनी आख्ख्या गल्लीला दाखवलं, म्हणजे ज्यांच्यापेक्षा कमी वापरली, त्यांना!

बरं, हे सगळं मी चालवून घेतलं असतं. आपला माणूस गुंतलाय, आनंदात आहे, असू दे. पण श्रावण आला आणि ह्या वर्षी कानबाई आमच्याकडे होती.

आता कानबाई म्हणजे काय, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरचं कुणी बसलं असेल तर सांगते. श्रावणातल्या रविवारी देवी बसवायची, चौरंगावर, नारळाला मुखवटा, नथ, हिरवा खण. सगळी भाऊबंदकी एका घरात. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजत गाजत तापीवर राजघाटाला पोचवायची. आणि नैवेद्याला रोट. ह्या रोटांचा गहू घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ मोजायचा, तो मोजायचा फक्त सगळ्यात थोरल्या सुनेने, आणि त्याच दिवशी दळायचा, घरातच. बाहेरच्या चक्कीवर न्यायचा नाही. पूर्वी जातं होतं, आता घरघंटी चालते. जात्याची घरघंटी झाली एवढी सूट देवीने दिली, पण बाहेरची चक्की नाही. देवीने हे कधी सांगितलं, कुणाला सांगितलं, विचारायचं नाही.

आमच्यात थोरली सून म्हणजे धुरपदाबाई, माझ्या मोठ्या जाऊबाई, राहायला चांदनीला. तिकडे त्यांच्या यजमानांची, उखर्डूदादांची, केळी आहेत. पस्तीस वर्षं चौरंग त्यांच्या घरी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दरवर्षी कानबाईला जाते, आणि दरवर्षी माझ्या वाट्याला काय? भांडी. पुढे गाणी चालू, फुगड्या चालू, आणि मी मागे मोरीवर राख घेऊन! पुरणाचं पातेलं घासताना मला दरवर्षी वाटायचं, एकदा, एकदा तरी देवी माझ्या घरात बसावी, मी पुढे असावं. खोटं कशाला सांगू, मनापासून वाटायचं. तर ह्या वर्षी धुरपदाबाईंचे गुडघे गेले. त्या म्हणाल्या, "मायं आता होत नाही. या साली वंदनाच्या घरी बसवा. तिनं नीट केलं तर चौरंग तिच्याकडेच राहीन. नाही जमलं तर तृप्तीकडे." तृप्ती म्हणजे धाकटी जाऊ, इथेच बुऱ्हाणपुरात लालबागला राहते. तिच्याकडे दोन दारांचा फ्रिज आहे आणि इन्व्हर्टर आहे, हे तिने त्याच वेळी सगळ्यांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

मी महिनाभर आधी ह्यांना म्हटलं, "अहो, एक दिवस तेवढं भोंगा बंद ठेवा." तर काय? "वंदना, सणाच्या दिवशी तर शिस्त जास्त लागते." आणि रूळ घेऊन बसले. रविवारचं वेगळं वेळापत्रक केलं. अकराला वहिनी पोचणार. साडेअकराला गहू मोजणार. बारा ते एक घरघंटी. एक ते दोन पुरणाला मिक्सर. दोन ते तीन मोटर. पाचच्या आत सगळ्या मशिनी मोकळ्या, संध्याकाळी आरती, जेवणं. कागदावर बघितलं तर बाई, एकदम सुरेख! चूक काढायला जागा नाही. फक्त एक गोष्ट... त्या कागदावर धुरपदाबाईंना अकराला पोचायचं होतं, आणि हे धुरपदाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी सातला निघाल्या. आमच्या पुतण्याच्या, योगेशच्या पिकअपमधून, मागे पंगतीसाठी केळीची पानं भरलेली. चांदनीहून बुऱ्हाणपूर काय लांब आहे? पण रस्त्यात ओळखीची घरं किती! पिकअप प्रत्येक दारात थांबलं. ह्यांनी दहाला फोन केला, "कुठे आहात वहिनी?" तर, "पोचलोच व्हय, चहा टाकलाय यांनी." अकराला, "निघालोच, यांची सून बाळंत झालीये, पाहून येतो." बाराला फोन योगेशने उचलला, म्हणाला, "काका, बडी मम्मी जेवायला बसली." हे दर फोनला वेळापत्रक खोडायचे, घरघंटी एक ते दोन, खोडलं, दोन ते तीन, खोडलं, मिक्सर तिच्या आधी घेतला, मोटर मिक्सरच्या आधी, शेवटी कागद असा झाला की फाटला. इकडे माझ्या घरात माणसं जमायला लागलेली, तृप्ती येऊन सोफ्यावर बसलेली, दर पाच मिनिटांनी, "वहिनी, अजून रोटांचं नाही का झालं? काही नाही, आपलं विचारते." गव्हाचं पोतं समोर, घरघंटी समोर, आणि मोजणारी थोरली सून वाटेत पंक्ती झोडतेय! मी काही बोलले का? नाही बोलले. देवीसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि हात जोडले.

धुरपदाबाई किती वाजता आल्या? चार वाजून पंचवीस मिनिटांनी. पाय धुतले, चहा घेतला, पाटावर बसल्या आणि एकेका नावाने मूठ टाकायला लागल्या. "हे आमच्या मालकाच्या नावाचं... हे दिगंबरच्या..." आणि मोजायचं कसं, भरभर? छे! प्रत्येक नावाला चौकशी. "हे तुषारच्या नावाचं. तुषार कुठं हाये आता? पुन्याला? पगार बरा हाये का?" मूठ हवेत! मग वाद. घराण्यातल्याच गोटूने घर सोडून सुरतेला जाऊन स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, त्याची मूठ टाकायची का? एक म्हणतो टाका, एक म्हणतो नको, आणि त्याच्या बायकोची? आणि त्यांना आता मूल झालंय म्हणे, खरंय का? हे घड्याळाकडे बघताहेत, मी ह्यांच्या खिशाकडे बघतेय. शेवटी धुरपदाबाई म्हणाल्या, "देवीले का सांगू, गोटू नव्हता म्हनून? टाकते तिघांची." तीन मुठी टाकल्या. एकोणतिसाव्या नावावर आल्या, आणि...

भों... ऊं... ऊं...

एक पोरगं रडायला लागलं. हे उठले, अगदी हलक्या आवाजात, हात जोडून म्हणाले, "वहिनी, वेळ संपली."

धुरपदाबाईंनी मान वर केली. "कोनाची?"

तुम्हाला सांगते, त्या एका शब्दाने भिंतीवरची पाल पळाली. ह्यांनी समजवायला घेतलं, म्हणाले, "तसं नाही वहिनी, पाच ते दहा गावातल्या सगळ्यांचं एकदम सुरू होतं, दिवे, टीव्ही, मोटरी, वरून ताण येतो, आपण प्रत्येकाने थोडं पुढे-मागे केलं तर सगळ्यांनाच..." आता खरं सांगू? माणूस चुकीचं बोलत नव्हता. पण बोलत कुणाशी होता? धुरपदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग चक्की कधी चालू होईन?"

"दहाला."

"आन देवी रातचे दहा वाजेलोक उपाशी बसंन?" मुठीतला गहू परत टोपल्यात टाकला त्यांनी. "तृप्ती, तुझ्या घरी चक्की हाये ना व? आन ते बत्तीचं यंत्र? उचल चौरंग."

आणि तृप्ती उठलीसुद्धा! पदर खोचून! म्हणजे ती महिनाभर पदर खोचायच्याच तयारीत होती! एकतीस वर्षं मोरीवर काढली मी ह्या दिवसासाठी, सकाळपासून उपाशी, दारात रांगोळी, खण आणलेला, नथ उजळून ठेवलेली, आणि देवी माझ्या उंबऱ्यातून उठून लालबागला चालली, कशासाठी? तर मोबाइलवरच्या हिरव्या पानासाठी! डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या दिवशी, तुम्हाला सांगते, मी बोलले.

ओरडले नाही. मला माहीत होतं, ओरडून हा माणूस हलणार नाही, बत्तीस वर्षं कामगार ओरडतच होते ह्यांच्यावर. मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्या कारखान्यात मशीन चालू आहे, माल अर्धा झालाय आणि पाळी संपली, तर काय करत होता? माल टाकून घरी जायचे?"

"छे! ओव्हरटाइम असतो ना."

"मग देवीला द्या ओव्हरटाइम!"

असा प्रकाश पडला ह्यांच्या तोंडावर! मला तर वाटलं मोबाइलवर दोन पानं आली. "वंदना," म्हणाले, "हे नियमात बसतं." धावत जाऊन रजिस्टर आणलं, रूळ घेतला, आडव्या रेघा मारल्या. नाव: कानबाई. काम: रोट. यंत्र: घरघंटी एक, मिक्सर एक. आणि मग थांबले. "पण मंजुरी लागते. वरच्या माणसाची सही."

मी पुढे झाले. हात पुढे केला पेनसाठी! एकतीस वर्षं घर चालवलंय, ह्या घरात ह्यांच्या वर कोण, मीच ना? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पेन बघितला, आणि मला वळसा घालून रजिस्टर नेऊन ठेवलं धुरपदाबाईंच्या मांडीवर. "वहिनी, घराण्यात वरच्या तुम्ही. तुमची मंजुरी असेल तर मला अडवता येत नाही."

धुरपदाबाई चौथी पास. आयुष्यात त्यांना कुणी मंजुरी मागितली नव्हती. सुनांना हुकूम सोडले, पण रजिस्टरमध्ये? हिरव्या शाईत? त्यांनी चष्मा मागवला. वरपासून खालपर्यंत वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून, "हे का लिव्हलं?" असं विचारलंसुद्धा. मग सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली, "धुरपदाबाई उखर्डू पाटील," आणि खाली रेघ मारली. मग उरलेल्या मुठी टाकल्या आणि ह्यांनी मोबाइल दाबला. घरघंटी घुर्रर्र करून सुरू झाली आणि बायकांनी असा आवाज केला की प्रकाशभाऊ पळत आले, त्यांना वाटलं कुणी पडलं. गोटूच्या लेकरासकट सगळ्यांच्या नावाचं पीठ निघालं, रोट झाले, पुरण झालं, आरती झाली, मी पुढे होते, ताट माझ्या हातात होतं, आणि तृप्ती... तृप्तीने भांडी घासली. मी काही बोलले नाही, पण मोरीवर दोनदा चक्कर मारून आले.

सोमवारी देवी तापीवर पोचवली. घरी येऊन धुरपदाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चौरंग आता वंदनाकडेच राहीन." पाया पडले मी. रडले. ह्यांनीही चष्मा पुसला. सगळी भाऊबंदकी आपापल्या घरी गेली. योगेशने पिकअप लावलं दारात आणि म्हणाला, "चलो बडी मम्मी."

तर धुरपदाबाई म्हणतात, "मी कशी येऊ? इथं सह्या कोन करीन?"

दीड महिना झाला त्याला! दीड महिना! चौरंग माळ्यावर आहे आणि धुरपदाबाई खाली, पंख्याखालच्या पलंगावर, मांडीवर रजिस्टर. पाचच्या नंतर काहीही लावायचं तर अर्ज करायचा. "गुडघे शेकायले गरम पानी, गिझर, सहा ते सात": मंजूर, स्वतःच लिहितात, स्वतःच सही करतात. "वंदनाचा मिक्सर, चटणी": नामंजूर, पाट्यावर वाट. "भूमिकाची इस्त्री": उद्या ये. आणि हे? हे सकाळी त्यांच्यापुढे उभे राहून अहवाल देतात, 'येस मॅडम' तेवढं म्हणायचं राहिलंय! मी चांदनीला फोन केला, म्हटलं उखर्डूदादांना तरी बाईंची आठवण येत असेल, ते बोलावून घेतील. दादा म्हणाले, "राहू दे व तिले, तिचं मन लागून राह्यलं तिथं." आणि मागून चक्क गाणं गुणगुणल्याचा आवाज आला.

शेवटी परवा ह्यांनाच विचारलं, म्हटलं, वहिनी परत कधी जाणार? तर गंभीरपणे म्हणाले, "वंदना, ड्यूटीवरच्या माणसाला बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही." म्हटलं, मग बघा की कुणीतरी! तर म्हणाले, "बघितलाय. दिवाळीला येतेय." माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, कोण? म्हणाले, "ताई. पण नवीन माणसाला काम कळेपर्यंत सहा महिने दोघींना सोबत बसावं लागेल." ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. माझी नणंद.

मी काही बोलले का? नाही बोलले. माळ्यावरून दुसरी गादी काढली आणि गच्चीत नेऊन उन्हात टाकली. ऊन तेवढं अजून बिनसहीचं मिळतंय.